अनुभव धागा : कॅथलिक बॉइज स्कूलमधलं नवं सत्र, पहिले पंधरा दिवस

मुलगा नव्याने कॅथलिक बॉइज स्कूलमध्ये जाणार असला की घरात प्रश्न ढीगभर असतात आणि माहितीपत्रकात उत्तरं मोजकीच. ज्यांनी अशा शाळेत शिकवलं आहे, मुलं घातली आहेत, चॅपल (शाळेतलं प्रार्थनाघर) किंवा वसतिगृह सांभाळलं आहे, त्यांनी जरूर लिहा. आठवणींसाठी वेगळा धागा काढू. इथे फक्त काय करायचं, किती, कधी आणि कुठे चुकतं तेवढंच.

गणवेशाचं काम पाहणारी

ब्लेझर घेताना आधी खांद्याची शिवण बघा. ती खांद्याच्या हाडावर बसायला हवी. बाही आणि पँटची उंची नंतर सोडता येते, खांदा नीट वाढवता येत नाही. बाहीत ३ सेंमी आणि पँटच्या दुमडीत ५ सेंमी कापड आत असलं की वर्ष निभावतं. दोन साइझ मोठा ब्लेझर मुलगा अंगावर ठेवत नाही, खुर्चीच्या पाठीला लावतो आणि तिथेच विसरतो.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय किंचित फुगलेले असतात. बोटांपुढे १ ते १.५ सेंमी जागा हवी. आधीचा आठवडाभर रोज अर्धा तास, शाळेच्याच मोज्यांवर, घरात घालायला लावा. कोरे बूट थेट पहिल्या दिवशी घातले तर टाचेला फोड येतो आणि तिसऱ्या दिवशी मुलगा लंगडत चालतो.

नावाची पट्टी चारही बाजूंनी शिवा. मार्करची शाई धुण्यात जाते, दोनच टोकांना टाचलेली पट्टी निघते. कॉलरच्या आत, पँटच्या कमरेत, खेळाच्या मोज्यांवरसुद्धा. खेळाच्या तासाला अख्खा वर्ग एकाच खोलीत कपडे बदलतो आणि स्वेटर सगळे एका रंगाचे असतात.

टायबद्दल, एक पालक

रुंद टोक अरुंद टोकापेक्षा साधारण ३० सेंमी खाली ठेवा (लहान मुलांच्या आखूड टायला कमी). रुंद टोक अरुंदावरून पलीकडे न्या, मागून परत आणा, पुन्हा पुढून न्या, गळ्याच्या फासातून खालून वर काढा आणि पुढच्या वेढ्यातून खाली ओढा. टोक पट्ट्याच्या बकलापर्यंत आलं की बरोबर. आरशाशिवाय सराव करून घ्या, कारण खेळाच्या तासानंतर आरसा मिळेलच असं नाही.

चॅपलची व्यवस्था पाहणारा

कॅथलिक नसलेल्या घरांना जास्त धास्ती मिस्साची (कॅथलिकांच्या सामूहिक उपासनेची) असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बऱ्याच शाळांत सत्राची सुरुवात मिस्साने होते. जेज्युइट (संत इग्नेशियस यांनी स्थापलेला फादर-ब्रदरांचा संघ) शाळांत ती पवित्र आत्म्याला उद्देशून असते आणि फादर लाल झगा घालतात. आधी बायबलमधली वाचनं आणि प्रवचन, मग वेदीवरचा विधी. शुभवर्तमान (बायबलमधला येशूच्या जीवनाचा भाग) वाचताना सगळे उभे राहतात. इतर धर्माच्या मुलाने सगळ्यांबरोबर उठावं, बसावं. गुडघे टेकणं त्याच्यावर बंधनकारक नाही, त्या वेळी शांत बसलं तरी चालतं. क्रूसाची खूणही त्याने करायलाच हवी असं नाही. करणाऱ्यांसाठी क्रम असा : उजवा हात, कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. नवी मुलं हमखास खांद्यांची उलटापालट करतात.

खरी गडबड कम्युनियनच्या, म्हणजे वेदीवर अर्पण केलेली पवित्र भाकर घेण्याच्या, वेळी होते. रांग उठते आणि मध्ये बसलेला नवा मुलगा लोंढ्याबरोबर पुढे जातो. कम्युनियन फक्त कॅथलिक आणि त्यासाठी तयारी झालेल्या मुलांनी घ्यायचं असतं. बाकीच्यांनी जागेवर बसावं, किंवा शाळेत तशी पद्धत असेल तर दोन्ही हात छातीवर आडवे धरून फादरांकडून आशीर्वाद घ्यावा. तुमच्या शाळेत यांपैकी काय चालतं ते वर्गशिक्षकांना आदल्या दिवशी विचारा आणि मुलाला बाकाच्या टोकाला बसायला सांगा. इतरांना वाट देऊन तो सहज परत बसू शकतो.

कॅथलिक मुलांसाठी : कम्युनियनच्या १ तास आधीपासून खाणं बंद, पाणी आणि औषध चालतं. मिस्सा मधल्या सुट्टीला लागून असेल तर डबा आधी खायचा की नंतर, हे घरूनच ठरवून द्या.

चॅपलमध्ये जाताना तांबडा दिवा तेवत असेल तर त्याच्याजवळच्या पेटीत पवित्र कम्युनियन ठेवलेलं असतं. कॅथलिक मुलं तिकडे तोंड करून उजवा गुडघा टेकतात. इतरांनी मान झुकवली तरी आदर पोचतो.

माध्यमिक विभागातला शिक्षक

शाळा कोणत्या धर्मसंघाची (व्रतस्थ फादर, ब्रदर यांच्या संस्थेची) आहे ते आधी माहीत करून घ्या. रोजच्या सवयी त्यावर ठरतात. जेज्युइट शाळेत वहीच्या पानावर 'ए.एम.डी.जी.' ही लॅटिन आद्याक्षरं लिहायला सांगतात, अर्थ 'परमेश्वराच्या अधिक गौरवासाठी'. दिवसाचा आढावा घेणारं मूक चिंतनही असतं. दे ला साल ब्रदर्सच्या शाळेत प्रार्थनेची सुरुवात आपण परमेश्वराच्या सान्निध्यात आहोत याच्या स्मरणाने होते. डॉन बॉस्को शाळांत दिवसाच्या सुरुवातीला दोन-तीन मिनिटांचं छोटं बोलणं असतं आणि शिक्षक मैदानावर मुलांमध्ये वावरतात. सणाचे दिवस : संत इग्नेशियस ३१ जुलै, डॉन बॉस्को ३१ जानेवारी, मारिस्ट संघाचे संत शांपान्या ६ जून. त्या दिवशी अनेकदा मिस्सा आणि खेळ असतात, म्हणून दप्तराऐवजी खेळाचे कपडे लागतात. कॅलेंडर आल्याबरोबर खूण करा.

ब्रदर आणि फादर यांत गल्लत नको. ब्रदर व्रतस्थ असतात, पण दीक्षित धर्मगुरू नसतात, त्यामुळे मिस्सा अर्पण करत नाहीत. काही शाळांत दुपारी १२ ला घंटा झाली की एंजेलसच्या (मरियामातेच्या) प्रार्थनेसाठी सगळे असतील तिथे थांबतात. मैदानावरचा नवा मुलगा पळतच राहतो आणि ओरडा खातो. हे त्याला आधी सांगून ठेवा.

वसतिगृह आणि रिट्रीट (प्रार्थना-चिंतनाचं शिबिर) सांभाळलेली

वरचं सगळं महत्त्वाचं आहे, पण माझ्या मते पहिल्या आठवड्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम हे : बालसुरक्षेची जबाबदारी शाळेत कोणाकडे आहे त्यांचं नाव आणि नंबर विचारून घ्या, मुलाच्या डायरीत लिहा, ती व्यक्ती त्याला दाखवा. लेखी धोरण मागा. मागितल्याचा राग येत असेल तर तोही एक इशारा समजा. मुलाला स्पष्ट शब्दांत सांगा : कोणीही मोठं माणूस, झगा घातलेलं असलं तरी, त्याला बंद दाराआड एकटं भेटता कामा नये आणि 'घरी सांगू नकोस' म्हणता कामा नये. पापकबुलीत फादरांशी झालेलं बोलणं गुप्त असतं, पण जागा इतरांच्या नजरेत असावी.

मुलांच्या शाळेत त्रास देणं अनेकदा मस्करीच्या नावाखाली चालतं. तुटलेली बटणं, सारखी हरवणारी पेन्सिलपेटी, सुट्टी संपताना पोटदुखी, दिवसभर न प्यायलेलं पाणी (स्वच्छतागृहात जायची भीती) यांकडे लक्ष ठेवा. 'कसं झालं?' विचारलं तर 'बरं' एवढंच येतं. 'मधल्या सुट्टीत कुठे होतास, कोण होतं?' असं विचारा.

रात्रीच्या मुक्कामाचं रिट्रीट असेल तर संमतिपत्रावर सही करण्याआधी चार गोष्टी विचारा : सोबत किती मोठी माणसं, झोपायची व्यवस्था कशी, घरी फोन कधी करता येईल आणि मुलाला मध्येच परतायचं असेल तर काय. औषध मूळ वेष्टनात, नाव, मात्रा आणि वेळ लिहून, थेट जबाबदार शिक्षकाच्या हातात द्या. मुलाच्या बॅगेत नको.