मदत हवी आहे: मुंबईच्या पावसाळ्यात पुली कुत्र्याच्या जटा ठेवाव्यात की कापाव्यात?

नमस्कार मंडळी,

माझी नणंद नोकरीसाठी बुडापेस्टला होती. परत येताना तिने तिचा पुली सोबत आणला. आता तिची फिरतीची नोकरी, म्हणून बोंडू आमच्याकडे परळला असतो. वय 3 वर्षं, रंग काळाभोर, वजन 14 किलो. पुली म्हणजे हंगेरीतला मेंढ्या हाकणारा कुत्रा. इथे कोणी पाहिलेलाच नाही, त्यामुळे विचारायचं कोणाला हाच प्रश्न आहे.

त्याचे वरचे राठ केस आणि आतली मऊ लोकर आपोआप गुंततात आणि जटा होतात. ब्रश लावायचा नसतो. दोन जटा मुळाशी चिकटल्या की बोटांनी ओढून सुट्या करायच्या. कानामागे आणि काखेत तर रोज बघावं लागतं. ते मी मनापासून करते, त्यालाही आवडतं.

अडचण पावसाची आहे. हिंदमाताला पाणी भरलं की आमच्या गल्लीतही घोटाभर असतं, आणि शी-शू साठी त्याला खाली न्यावंच लागतं. वर आणल्यावर टॉवेलने दाबून पाणी काढते (चोळत नाही), मग फॅनसमोर बसवते. बाहेरून कोरडा वाटतो, पण एखादी जाड जट मुठीत दाबली तर दुसऱ्या दिवशीही आतली ओल हाताला लागते. कुबट वास येतो. गेल्या पावसाळ्यात पोटावर लाल चट्टे उठले होते. डॉक्टर म्हणाले, सगळं कापून टाका. पण जटा पुन्हा जमिनीपर्यंत यायला काही वर्षं लागतात, म्हणून माझा हात धजत नाही.

दुसरं म्हणजे स्वभाव. घरात अतिशय शहाणा आणि हुशार, पण अनोळखी माणसावर विश्वास नाही. लिफ्टचं दार वाजलं की भुंकतो. संध्याकाळी आवारात मुलं पळायला लागली की हा त्यांच्याभोवती गोल फिरतो, पोटऱ्यांना नाक लावत सगळ्यांना कोपऱ्यात गोळा करतो. चावत नाही, पण परवा एक लहान मुलगी घाबरून पडली. सोसायटीने लिफ्टमध्ये कुत्रा आणू नका असं पत्र दिलंय. अशी बंदी घालता येत नाही हे पशु कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे, मला माहीत आहे. पण मला भांडायचं नाहीये, मुलांची भीती जायला हवी.

प्रतिसाद: ताई, मी ग्रूमिंग करते. कापा. पण मशीन कातडीपर्यंत नको, इंचभर केस राहू द्या, ऊन लागत नाही. पोट आणि काखा त्याहून आखूड. मग मात्र कंगवा रोज, नाहीतर पुन्हा गुंता होणार. वाळवताना ड्रायर थंड हवेवर ठेवा. जटांत गोचीड लपली तर दिसत नाही, आपल्याकडे हा मोठा धोका आहे. साचलेल्या पाण्यातून नेता, तर लेप्टोची लस दर वर्षी चुकवू नका.

प्रतिसाद: आमच्या घरात मेंढरं आहेत, माण तालुक्यात. आमची कुत्री लांडग्यापासून राखण करतात, हाकायचं काम माणसाचं. हंगेरीत राखणीला मोठा पांढरा कोमोंदोर आणि हाकायला पुली, अशी वाटणी होती. तुमच्या बोंडूला पोरं म्हणजे कळपच दिसतो, त्याला ओरडून उपयोग नाही. त्याला दुसरं काम द्या. व्यायामाचा मोठा चेंडू नाकाने ढकलत तुमच्यापर्यंत आणायला शिकवा. जेवण वाटीत न देता घरभर लपवून ठेवा, शोधू दे. मुलं खेळतात त्या वेळी खाली नेऊच नका, आणि नेलंच तर पट्टा सोडू नका. लिफ्ट वाजली की सतरंजीवर जाऊन बसायचं, बसला की खाऊ.

मूळ प्रश्नकर्ती: दोघांचे मनापासून आभार. नणंदेशी बोलले, ती लगेच म्हणाली काप, त्याची कातडी महत्त्वाची. चेंडू आजच आणते. आता एवढंच सांगा: जट आधी उभी चिरून मोकळी करायची की कात्रीने सरळ आडवी कापायची? आणि दादर-परळ भागात त्याच्याशी धीराने वागेल असं कोणी असेल तर कृपया कळवा. अनोळखी हाताला तो पहिल्या भेटीत जवळ येऊ देत नाही, दोन-तीनदा नुसतं भेटायला यावं लागेल.