नवीन फोन: १२८ पुरेल की २५६च घ्यावा?

कोवळी_उन्हं
चार वर्षं वापरलेला ६४ जीबीचा फोन आता रोज ‘जागा संपत आली’ म्हणून सांगतोय. परवा लेकीनं पहिल्यांदा सायकलचा तोल सांभाळला. मी व्हिडिओ सुरू केला आणि काही सेकंदांत तो आपोआप बंद पडला, जागा नाही म्हणून. मागचं काहीतरी पुसून पुन्हा कॅमेरा उघडेपर्यंत ती सायकल टाकून खेळायला पळालीसुद्धा. त्याच संध्याकाळी नवा फोन घ्यायचं पक्कं केलं.

मॉडेल ठरलंय. ते १२८, २५६ आणि ५१२ मध्ये मिळतं, मेमरी कार्डाची सोय नाही. नवरा म्हणतो, हल्ली सगळं क्लाउडवर जातं, १२८ घे. भाऊ म्हणतो, ५१२ च्या खाली बघूच नकोस. मला हा फोन निदान पाच वर्षं वापरायचा आहे. खेळ खेळत नाही. फोटो आणि व्हिडिओ मात्र भरपूर काढते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप पुष्कळ आहेत. तुमच्यापैकी कुणी अंदाजानं न घेता हिशेब करून घेतला असेल तर तो कसा केला, ते सांगाल का?

खटपट्या
सरळ २५६ घ्या. स्टोरेजची चिप बोर्डावर कायमची बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. कार्डाची सोय नाही म्हटल्यावर घेताना जे घ्याल तेच शेवटपर्यंत.

टाचण
घाई नको. आधी आताच्या फोनमध्ये सेटिंग्ज उघडून स्टोरेजचं पान बघा आणि कशानं किती जागा खाल्ली आहे ते इथे लिहा. चार वर्षांत तुम्ही काय काय साठवलंत, याची नोंद तिथे आयती आहे. त्याहून चांगला अंदाज इथला कुणीही देऊ शकणार नाही. लॅपटॉपवर काढून ठेवलेलं काही असेल तर तेही मोजा, ते हमखास राहून जातं.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. खोक्यावर १२८ लिहिलेलं असतं आणि बऱ्याच ठिकाणी दिसतात ११९. यात कुणी फसवत नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, आणि कंप्युटरची जुनी मोजणी १०२४ च्या पटीत चालते. त्या मोजणीनं १२८ चे ११९, २५६ चे २३८ आणि ५१२ चे ४७७ होतात. त्यातूनच सिस्टिमची जागा जाते. फोननुसार ती १५ ते २५ जीबी, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे १२८ च्या फोनमध्ये तुमच्या हातात खरे शंभरच्या आसपास उरतात.

कोवळी_उन्हं
बघितलं. ६४ पैकी ६२ भरलेत. सिस्टिम १८, अ‍ॅप १४, व्हिडिओ १३, व्हॉट्सअ‍ॅप ९, फोटो ६, किरकोळ २.

लॅपटॉपचं तुम्ही सुचवलंत ते बरं झालं. दोनदा फोन रिकामा केला होता, त्या फोल्डरमध्ये आणखी ४१ जीबी निघाले. ते सगळे फोटो आणि व्हिडिओच आहेत.

टाचण
मग उत्तर बरंचसं तुमच्या आकड्यांतच आहे. तुमचे स्वतःचे फोटो-व्हिडिओ १३ + ६ + ४१, म्हणजे चार वर्षांत ६० जीबी. वर्षाला १५. पण हे सगळीकडे सारखं पसरलेलं नसणार. लेक चालायला-बोलायला लागल्यावर वाढलं असेल. गेल्या एका वर्षाचं वेगळं काढून बघाल?

कोवळी_उन्हं
गेल्या वर्षाचे २४ जीबी. आणि हो, तुमचा अंदाज बरोबर, पहिल्या वर्षाचे जेमतेम ५ आहेत.

टाचण
तर २४ धरा, १५ नाही. पाच वर्षांचे १२० झाले. अ‍ॅप दर वर्षी जाडजूड होत जातात, आताच्या १४ चे २५ धरू. व्हॉट्सअ‍ॅप २०. सिस्टिम २५. बेरीज १९०. १२८ मध्ये हे बसत नाही, २५६ मध्ये बसतं आणि वर थोडी मोकळी जागा राहते. ५१२ ची अर्ध्याहून जास्त जागा पाच वर्षांनंतरही रिकामी असेल.

पण या हिशेबात एक मोठी फट आहे, ती म्हणजे व्हिडिओची क्वालिटी. तुमचा जुना फोन बहुतेक १०८०पी (फुल एचडी) मध्ये रेकॉर्ड करत असेल. नवा फोन घेतला की आपण हौसेनं त्याच्या चौपट बारकावा टिपणारं ४के लावतो आणि विसरून जातो. फरक किती पडतो बघा. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये अ‍ॅपलनं हे आकडे दिलेलेच आहेत: एका मिनिटाला १०८०पी, ३० फ्रेमला (म्हणजे सेकंदाला ३० चित्रं) ६० एमबी. ४के, ३० फ्रेमला १७०. ४के, ६० फ्रेमला ४००. म्हणजे तीच लेक, तीच सायकल, तेच एक मिनिट आणि जागा सहापटीहून जास्त. हे आकडेही फाइल दाबून ठेवणाऱ्या नव्या एचईव्हीसी फॉरमॅटचे आहेत. जुन्या एच.२६४ मध्ये ४के, ३० फ्रेमचं मिनिट ३५० एमबीचं होतं. अँड्रॉइडवर आकडे थोडे इकडेतिकडे होतील, प्रमाण साधारण असंच राहतं.

माझं मत विचाराल तर घरातल्या रोजच्या व्हिडिओला १०८०पी पुरतं. वाढदिवस, गॅदरिंग अशा दिवशी ४के, ३० फ्रेम लावा. ६० फ्रेम मुद्दाम हवी तेव्हाच.

पायवाट
मी तीन वर्षं १२८ वर आहे आणि अजून ४० जीबी मोकळे आहेत. नवरोबांचं अगदीच चूक नाही, म्हणून लिहितेय. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं पहिल्याच दिवशी बंद केलं. महिन्यातून एकदा त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’मधलं ‘मॅनेज स्टोरेज’ उघडते. ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल आणि पुष्कळदा फॉरवर्ड झालेल्या फाइल तिथे वेगळ्या काढून दाखवतात. निवडायचं आणि पुसायचं, दहा मिनिटांचं काम. तुमचे ९ जीबी यातून ३ वर येतील, आजच करून बघा.

मात्र हे महिन्याच्या महिन्याला करावं लागतं. ते जमणार नसेल तर १२८ घेऊ नका. माझ्या बहिणीनं माझं बघून १२८ घेतला आणि दीड वर्षात तीही जागा-जागा करत बसली. फोन तोच, अ‍ॅप साधारण तीच, सवय वेगळी.

ओंजळ
हा धागा वाचून राहवलं नाही. माझा २५६ चा फोन होता. जागा कधी संपलीच नाही, त्यामुळे पाच वर्षांत काहीही बाहेर काढावं लागलं नाही. सगळं त्यातच. मागच्या पावसाळ्यात तो पाण्यात पडला आणि पुन्हा सुरू झाला नाही. दुरुस्तीवाल्यानं मनापासून प्रयत्न केला. मला वाटत होतं की चिप काढून दुसरीकडे वाचता येईल. त्यानं समजावलं की आताच्या फोनमध्ये सगळा डेटा कुलूपबंद असतो आणि त्या कुलपाची किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. बोर्ड जिवंत झाला नाही तर नुसती चिप हातात घेऊन काही वाचता येत नाही.

बाबांचे शेवटच्या वर्षातले आवाजाचे मेसेज त्यात होते. तीन-तीन मिनिटांचे, ‘जेवलीस का’ पासून सुरू होणारे. सगळे मिळून १०० एमबीसुद्धा नसतील. ताई, १२८ घ्या, २५६ घ्या, पण जे एकदाच घडतं ते दोन ठिकाणी असू द्या.

कोवळी_उन्हं
ओंजळ, वाचून गलबललं. तुम्ही हे इथे लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. मी आत्ताच आईचे आवाजाचे मेसेज वेगळ्या फोल्डरमध्ये काढले.

आता क्लाउडचं कुणी नीट समजावाल का? नवरा म्हणतो, ते फुकट असतं.

पायवाट
होतं, आता नाही. गूगल फोटोजवर ‘हाय क्वालिटी’मधले फोटो-व्हिडिओ पूर्वी जागेत मोजले जात नसत. १ जून २०२१ पासून ते मोजायला लागले. गूगल खात्याचे फुकट १५ जीबी हे जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असतात. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता त्यातच धरतात. अ‍ॅपलच्या आयक्लाउडवर फुकट ५ जीबी आहेत. तुमचे ६० जीबी यातल्या कशातच मावत नाहीत. क्लाउड म्हणजे महिन्याचं किंवा वर्षाचं भाडं, असं धरूनच चाला. ‘स्टोरेज सेव्हर’ (‘हाय क्वालिटी’चंच आताचं नाव) लावलं तर कमी जागा लागते, पण मग व्हिडिओ १०८०पी पर्यंत आणि फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत खाली आणले जातात.

आणि एका गोष्टीत भलेभले फसतात, ती नीट लक्षात ठेवा. गूगल फोटोजमध्ये ‘फ्री अप स्पेस’ वापरलं तर बॅकअप झालेली फक्त फोनमधली प्रत जाते, क्लाउडवरची राहते. पण त्याच अ‍ॅपमध्ये फोटो नेहमीसारखा डिलीट केला तर तो दोन्हीकडून जातो. बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस ट्रॅशमध्ये सापडतो, नंतर कायमचा जातो. आयक्लाउड फोटोजमध्येही फोनवर पुसलं की सगळीकडून पुसलं जातं, तिथे मुदत ३० दिवसांची. माझ्या ओळखीत एकानं ‘जागा करतोय’ म्हणून अख्ख्या सहलीचे फोटो घालवलेत.

खटपट्या
मी वर दोन ओळींत उरकलं होतं, आता कारणं देतो. एक म्हणजे स्टोरेज काठोकाठ भरलं की फोन मंदावतो. या मेमरीत आधीच्या लिखाणावर थेट नवं लिहिता येत नाही. आधी एक अख्खा गठ्ठा पुसावा लागतो आणि त्यातलं कामाचं दुसरीकडे हलवावं लागतं. मोकळे गठ्ठे हाताशी असले की हे काम मागच्या मागे होत राहतं. नसले की तुम्ही फोटो काढत असतानाच ते करावं लागतं आणि फोन अडकतो. सिस्टिमच्या अपडेटलाही मोकळी जागा लागते. मी १० ते १५ टक्के जागा कायम मोकळी ठेवतो, तेवढी हिशेबात आधीच वजा करा.

दुसरं, कमी स्टोरेजच्या मॉडेलला कधी कधी स्टोरेजचा वेगही कमी असतो. गॅलेक्सी एस२३ चं १२८ चं मॉडेल यूएफएस ३.१ या जुन्या, हळू प्रकारच्या स्टोरेजवर होतं आणि २५६ चं यूएफएस ४.० या नव्या, वेगवान प्रकारावर. बऱ्याच फोनमध्ये १२८ सोबत रॅमही (चालू अ‍ॅपना लागणारी तात्पुरती मेमरी) कमी देतात. तुमच्या मॉडेलची माहिती काढताना तिन्ही प्रकार शेजारी-शेजारी ठेवून रॅमचा आकडा वाचा. आणि जाहिरातीत ‘८ + ८ रॅम’ असं लिहिलेलं असेल तर मागचे ८ स्टोरेजमधूनच उसने घेतलेले असतात. सेटिंगमध्ये ते बंद करता येतात.

गवताचं_पातं
मध्येच विचारतो. माझ्या फोनला कार्ड लागतं. १२८ घेऊन वर कार्ड टाकलं तर चालेल?

खटपट्या
फोटो, गाणी, सिनेमे यांना चालेल. अ‍ॅपसाठी भरवसा ठेवू नका, कार्ड आतल्या स्टोरेजपेक्षा पुष्कळ हळू असतं. व्हिडिओ थेट कार्डावर रेकॉर्ड करणार असाल तर व्ही३० (व्हिडिओला पुरेल अशा वेगाची खूण) लिहिलेलं घ्या. आणि बघा, बऱ्याच फोनमध्ये दुसरं सिम आणि कार्ड यांची जागा एकच असते. खोटी क्षमता छापलेली कार्डं खूप येतात, म्हणून नवं कार्ड कंप्युटरला जोडून एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या तपासणीच्या प्रोग्रामनं पूर्ण भरून तपासा, मगच वापरा.

कोवळी_उन्हं
भाऊ अजून ५१२ वर अडून आहे.

टाचण
५१२ कुणी घ्यावा, तर ज्याला मोठे खेळ एकाच वेळी चार-पाच ठेवायचेत, किंवा जो व्हिडिओचं कामच करतो. आयफोनच्या प्रोरेस या व्यावसायिक एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये ४के चं एक मिनिट साधारण ६ जीबी घेतं. म्हणूनच आयफोन १३ प्रो च्या १२८ जीबी मॉडेलला अ‍ॅपलनं प्रोरेस १०८०पी, ३० फ्रेमपुरतंच ठेवलं होतं. तुमचं यातलं काहीच नाही. ५१२ साठी जे जास्तीचे पैसे जातील त्यातला काही भाग बाहेरच्या डिस्कवर खर्च करा. ओंजळ यांनी लिहिलेली गोष्ट ५१२ च्या फोनलाही घडू शकली असती.

कोवळी_उन्हं
पटलं. २५६ घेते. सोबत १ टीबीची (हजार जीबीची) छोटी एसएसडी डिस्क. रोजचं १०८०पी मध्ये. लेकीचे आणि आईचे निवडक असे १५ जीबीत बसतील तेवढे क्लाउडवर, आणि सगळंच्या सगळं दर महिन्याला डिस्कवर. नवऱ्यालाही हा धागा वाचायला दिला. त्याचे स्वतःचे १५ जीबी भरायला दोन जीबी राहिलेत, हे त्याला आजच कळलं.

शेवटचा प्रश्न: डिस्क फोनला थेट जोडता येते का, की लॅपटॉप मध्ये हवाच?

खटपट्या
टाइप-सी असेल तर थेट जोडा. डिस्क आधी कंप्युटरवर एक्सफॅट या फाइल साठवण्याच्या पद्धतीत फॉरमॅट करून घ्या, पण तुमचा फोन एक्सफॅट वाचतो ना, ते डिस्क घेण्याआधी बघा. जुन्या फॅट३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, लांब व्हिडिओ तिथेच अडतो. आणि कॉपी झाल्यावर डिस्कवरचे चार-पाच व्हिडिओ उघडून, चालवून बघा. त्याआधी फोनमधलं काही पुसू नका.

कोवळी_उन्हं
फोन यायला चार दिवस आहेत. तोवर पायवाट यांनी सांगितलेलं करून बघितलं, व्हॉट्सअ‍ॅप ९ वरून साडेतीनवर आलं. साडेपाच जीबी मोकळे झाले. उद्या सकाळी लेकीला पुन्हा सायकलवर बसवतेय.