शब्दचर्चा : अद्भुतकथेतला ‘न संपणारा हिवाळा’ मराठीत कसा लिहावा?

विचारणा (परभणी)

मी कुमारवयीन वाचकांसाठी एक अद्भुतकादंबरी लिहीत असून, तिच्यात एका शापामुळे राज्यावर कधीही न संपणारा हिवाळा पसरतो असा प्रसंग आहे. ‘चिरहिवाळा’, ‘अखंड शिशिर’ आणि ‘हिमकाळ’ हे तीनही शब्द मी आलटून पालटून वापरून पाहिले. परंतु आठवीतल्या भाचीला ते पान वाचायला दिले, तेव्हा तिने ‘म्हणजे तिथे वर्षभर हुरडा मिळत असेल’ असा शेरा मारला. योग्य शब्द कोणता, आणि नुसता शब्द बदलून हे निभावेल काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (अंबाजोगाई)

आपल्या भाचीने शब्दाचा आपल्याकडचा अर्थ अचूक सांगितला आहे, आणि अडचणही तिथेच आहे.

हिवाळा म्हणजे मृत्यू, हे समीकरण उत्तर युरोपातल्या कथांनी रूढ केले. त्या प्रदेशात दिवस अगदी लहान होतो, शेती थांबते आणि साठवलेले धान्य व वैरण वसंतापर्यंत पुरेल की नाही ही खरोखरीची धास्ती असते. म्हणून तिथल्या अद्भुतकथेत खलशक्ती बर्फ घेऊन येते आणि बर्फ वितळणे हाच सुटकेचा संकेत ठरतो. नॉर्थ्रॉप फ्राय या कॅनडाच्या समीक्षकाने 1957 साली वसंताला सुखात्मिका, ग्रीष्माला अद्भुतरम्य कथा, शरदाला शोकात्मिका आणि हिवाळ्याला उपरोध व विडंबन अशी जी जोडणी मांडली, तीही त्याच हवामानात उगवलेली आहे. लातूर-धाराशिवकडे हे कोष्टक लावून पाहिले तर ते पहिल्याच घरात अडते. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, ज्या दिवशी युरोपीय कथेतले गाव दारे लावून बसलेले असते साधारण त्याच दिवसांत, आपल्याकडची गावे ओस पडतात ती सगळे लोक शेतात गेल्यामुळे. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप करून तिच्यात पांडव मांडलेले असतात, शेजारच्या वावरात हरभऱ्याला घाटे धरलेले असतात आणि भज्जी-अंबिलीची पंगत बसलेली असते. अशा ऋतूचा शाप कोणाला का भीतिदायक वाटावा?

‘अखंड शिशिर’ या पर्यायात निराळी मेख आहे. शिशिर म्हटले की पानगळ डोळ्यांपुढे येते, हे खरे. पण शिशिरानंतर येतो तो वसंत, म्हणजे चैत्र आणि वैशाख, आणि वैशाखात मराठवाड्यातल्या विहिरींचा तळ दिसू लागतो. तेव्हा ‘शाप फिटला आणि वसंत परतला’ असे आपण लिहिलेत, तर जालना किंवा बीडकडच्या वाचकाला राज्य आगीतून फुफाट्यात गेल्यासारखे वाटेल. कालिदासाचे ‘ऋतुसंहार’ ग्रीष्मापासून सुरू होऊन वसंताशी संपते, आणि त्याच्या सहा ऋतूंत वर्षेला स्वतंत्र स्थान आहे. चार ऋतूंच्या युरोपीय चौकटीत ते नाही, आणि आपल्याकडे तर सगळा जीव त्या एका ऋतूवर टांगलेला असतो.

आपल्या परंपरेतला सर्वांत जुना राक्षस काय करतो हेही पाहण्याजोगे आहे. ऋग्वेदातला वृत्र थंडी आणत नाही. तो पाणी अडवून बसतो, आणि इंद्राने त्याला मारल्यावर ते वाहू लागते. ऋष्यशृंगाच्या कथेत अंगदेशावर जे संकट आहे ते अवर्षणाचे, आणि तो मुनी राज्यात पाऊल ठेवतो तेव्हा पाऊस पडतो. इतिहासातही 1396 ते 1407 या काळातला दुष्काळ लोकांनी दुर्गादेवीच्या नावाने लक्षात ठेवला. ‘बहात्तर’ हा आकडा तर आपल्याकडे नाम होऊन बसला आहे : ‘आजोबांनी बहात्तर काढला’ एवढे म्हटले की 1972 सालचा दुष्काळ, हे वेगळे सांगावे लागत नाही. तात्पर्य, शब्द बदलून भागणार नाही. शापाचा ऋतूच बदलावा लागेल.

शंका (नांदेड)

आपले विवेचन पटते, पण दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे अद्भुतकथेत टँकर आणि चारा छावणी आली की ती वर्तमानपत्राची पुरवणी होईल. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे ज्या मुलांनी घरात ऐकले आहे त्यांना तेच पुन्हा गोष्टीत कशाला वाचायला द्यायचे? दुसरे असे की पाऊस म्हणजे सुटका, हे समीकरणही आता सरधोपट झाले आहे. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पिकांबरोबर मातीही वाहून गेली, आणि ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ ही मागणी गावोगावी झाली.

उत्तर (अंबाजोगाई)

ताई, आपली दुसरी शंका मला अधिक मोलाची वाटते, कारण ‘ओला दुष्काळ’ या शब्दप्रयोगातच तिचे उत्तर आहे. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा या तिन्ही शब्दांच्या शेपटाला जो ‘आळा’ आहे तो मुळात ‘काल’ आहे, आणि मराठीत काळ म्हणजे वेळही आणि मृत्यूही. म्हणून दुष्काळ कोरडा असू शकतो तसा ओलाही असू शकतो. बिघडलेला असतो तो काळ. ‘अवकाळी’ हा शब्दही असाच आहे. बातम्यांतून रोज वापरल्यामुळे तो बोथट झाला आहे इतकेच. विश्वाची घडी विस्कटल्याची खूण म्हणून अद्भुतकथेला जे हवे असते, म्हणजे चुकीच्या वेळी आलेला ऋतू, ते या एका शब्दात आयतेच आहे.

पहिल्या शंकेविषयी माझे मत असे की वर्तमानपत्राचा वास येतो तो विषयामुळे नव्हे, ‘पर्जन्यमान’, ‘अतिवृष्टी’, ‘टंचाईग्रस्त’ अशा कार्यालयीन शब्दांमुळे. त्यांऐवजी झड, उघाड, वळीव, वावटळ हे शब्द घ्यावेत. ‘आभाळ’ हा शब्द संस्कृत ‘अभ्र’ म्हणजे ढग यावरून आला, आणि ‘आभाळ आलंय’ असे आपण म्हणतो तेव्हा तो जुना अर्थ अजून जिवंत असतो. त्यामुळे ‘त्या राज्यावरून आभाळ निघून गेले’ हे वाक्य मराठीत अक्षरशः खरेही आहे आणि अंगावर काटाही आणते.

त्यापुढे पात्रे हवी असतील तर पावसाच्या नक्षत्रांकडे वळावे. पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा, हे आपले वडीलधारे सहज बोलून जातात. पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला वाहन असते, ते बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाले तर भरपूर पावसाची आशा धरतात आणि कोल्हा वा मेंढा निघाला तर ओढ बसणार असे मानतात. कोल्ह्यावर बसून येणारा म्हातारा पाऊस ही कल्पना परदेशी हिमराक्षसापेक्षा कोणत्या अंगाने उणी आहे, हे मला तरी कळत नाही. मात्र प्रत्येक ऋतूला एकेक ठरावीक अर्थ चिकटवू नये. वळीव मातीला गंध आणतो आणि त्याच वाऱ्यात कैऱ्या झाडून टाकतो. दोन्ही एकाच पानावर यावे.

परभणीकरांच्या शापासाठी माझी सूचना अशी आहे. सूर्य रोहिणी नक्षत्रातच अडकला आणि मृग निघालाच नाही, असे कल्पावे. पावशा ओरडतो आहे, नांगरट होऊन ढेकळे तापली आहेत, बियाणे घरात आहे. मुले काडेपेटी घेऊन बांधावर मृगाचा किडा शोधतात, तो मखमली लाल ठिपका कुठेच दिसत नाही, आणि ७ जूनचा दिवस उजाडतच नाही. यात दुष्काळाची आकडेवारी नाही, टँकरही नाही, आणि भीती पुरेपूर आहे.

थंडीच हवी असा कथेचा आग्रह असेल, तर ‘हीव’ हा शब्द उपयोगी पडेल. हिवताप आणि ‘हीव भरणे’ यांमुळे त्यात बर्फाऐवजी दुखण्याची थरथर आहे. ‘राज्याला हीव भरले’ हे मराठी वाचकाला कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय कळेल. ‘चिरहिवाळा’ टाळावा, कारण संस्कृत ‘चिर’ आणि घरगुती ‘हिवाळा’ यांचा सांधा कानाला खटकतो, आणि ‘बारमाही हिवाळा’ही टाळावा, कारण ज्याच्या विहिरीला बारमाही पाणी आहे त्याचा आपल्याकडे हेवा केला जातो.