मदत हवी आहे: सासऱ्यांना टीबी, घरात वेगळं ताट
गेल्या महिन्यात सासऱ्यांना फुफ्फुसाचा टीबी निघाला. 6 महिन्यांचा कोर्स चालू आहे; पहिले 2 महिने चार औषधं, पुढे तीन. लघवी केशरी झाली तेव्हा सगळेच घाबरलो, मग कळलं की ते त्यातल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे होतं. खरा त्रास वेगळाच आहे. सासूबाईंनी त्यांचं ताट-तांब्या वेगळा काढलाय. टीबी खोकल्यातून, हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही, हे कितीदा सांगितलं! पटतच नाही. ते पडवीत एकटे बसतात, निम्मं जेवण टाकतात. वजन आधीच 41 किलो, फार वाईट वाटतं बघून.

तुमच्या घरी कुणी असं समजावलंय का? काय सांगितल्यावर पटलं? शिवाय माझ्या 3 वर्षांच्या मुलीला प्रतिबंधक गोळ्या सांगितल्यात, ती थुंकून टाकते. कशा द्यायच्या?