क्रॉसओव्हर कार्टूनमध्ये मेलेल्याने जायचे कोणाच्या परलोकात?

अर्धविराम: क्रॉसओव्हर म्हणजे वेगवेगळ्या कथांतली पात्रे एकत्र आणणारी कथा. अशा वेगवेगळ्या धर्मांचे देव एका कार्टूनमध्ये आणायचे असतील तर त्यांची एक सभा दाखवावी आणि मेलेल्या पात्राला ज्याच्या त्याच्या श्रद्धेच्या परलोकात पाठवावे, म्हणजे कोणी दुखावणार नाही, असे मत कालच्या लेखात मांडले आहे. मला ते वरवर उदार, पण मुळात अन्यायाचे वाटते. ज्या धर्माचा गाभाच ‘ईश्वर एकच’ हा आहे, त्याच्या ईश्वराला ग्रीकांचा झ्यूस आणि उत्तर युरोपातला थॉर या देवांच्या शेजारी आसन दिले की तो धर्म खोटा ठरवूनच कथा सुरू होते. परलोकांचेही तेच. ख्रिस्ती स्वर्ग कायमचा आहे, तर गीतेचा नववा अध्याय सांगतो की पुण्य सरले की स्वर्गातून मृत्युलोकी परतावे लागते. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टूनमध्ये सर्वांना चार बोटे असताना देवाला पाच काढतात. त्याचे वेगळेपण तेवढ्याने कळते, त्यासाठी सभा भरवावी लागत नाही.

जुना वाचक: आपण कथेकडून धर्मशास्त्राची अपेक्षा करत आहात. डिस्नेच्या ‘हर्क्युलिस’ मालिकेत 1999 साली ‘अलादीन’शी गाठ घालणारा भाग आला. त्यात ‘अलादीन’मधल्या अग्रबा नगरीचा मेलेला वजीर जाफर हेडीसच्या ग्रीक पाताळात सापडतो आणि पाहताना ते कुठेही खटकत नाही, कारण दोन खलनायकांची युती हाच कथेचा जीव आहे. शिवाय देवांची सरमिसळ कार्टूनवाल्यांनी सुरू केलेली नाही. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इजिप्तच्या आमून देवाला झ्यूसच मानले होते आणि मृतांना वाट दाखवणारे ग्रीकांचा हर्मीस आणि इजिप्तचा अनुबिस एकत्र करून प्राचीन लोकांनी हर्मानुबिस हा देव पूजला.

मेघमल्हार: ग्रीकांचे राहू द्या, यमाचे काय? ‘ड्रॅगन बॉल’ या जपानी चित्रमालिकेत तो एन्मा म्हणून येतो, कोट-टाय घालून भल्यामोठ्या मेजामागे बसतो आणि आत्म्यांची वाटणी करतो. ज्याने नचिकेत्याला आत्मविद्या दिली, त्याचा असा कारकून केलेला मला सहन होत नाही.

जुना वाचक: ही कोणी केलेली चोरी नाही. यम बौद्ध धर्माबरोबर चीनमध्ये गेला, तेथे नरकाच्या दहा राजांपैकी पाचवा झाला आणि पुढे जपानमध्ये पोहोचला. मृतांच्या नोंदवहीतून स्वतःचे नाव खोडणाऱ्या सुन वुखोंग या चिनी कथेतल्या वानरराजाची गोष्टही त्याच परंपरेतली आहे. आणि नोंदवहीचीच अडचण असेल, तर आपला चित्रगुप्त दुसरे काय करतो?

मेघमल्हार: ‘चोरी’ हा शब्द मी वापरलेला नाही, तो माझ्या तोंडी घालू नका. माझे दुःख वेगळे आहे. कठोपनिषदात यम घरी नसताना नचिकेता तीन रात्री उपाशी राहतो आणि परतलेला यम अतिथीची क्षमा मागून त्याला तीन वर देतो. मृत्यूचा देव एका मुलापुढे नम्र होतो, यापेक्षा चित्रमालिकेला साजेसा प्रसंग कोणता? तो सोडून सर्वांना मेज तेवढे दिसते.

निळी शाई: यमाची चर्चा आपण किती वेळ चालवणार आहात? माझ्या मुलीची जिवलग मैत्रीण आजारपणात गेली. दोन्ही घरांचे धर्म वेगळे होते. पुढे ज्याचा त्याचा परलोक दाखवणारे एक कार्टून पाहताना मुलीने ते मध्येच बंद केले आणि विचारले, “म्हणजे मी मेल्यावरसुद्धा आम्ही भेटणार नाही?” कालच्या लेखातली न्याय्य वाटणी त्या दोघींमध्ये भिंत घालते, हे कोणालाच कसे दिसत नाही?

अर्धविराम: आपल्या मुलीपुढे माझा युक्तिवाद तोकडा पडतो, हे नाइलाजाने मान्य करतो. परलोक वेगळे असले तरी त्यांच्यामध्ये दार असावे आणि भेटीला मुभा असावी. देवांच्या सभेला मात्र माझा विरोध कायम आहे. यमाला नवे रूप मिळायला शतके लागली, ते एका लेखकाने एका भागापुरते ठरवलेले नव्हते.

जुना वाचक: शतके लागली हे खरे. तरीही ज्या चित्रकाराने यमाला पहिल्यांदा चिनी दरबारी वेशात रंगवले, त्याने कोणाची परवानगी घेतली होती?

अर्धविराम: त्याला परवानगीची गरज नव्हती, कारण आपल्यालाही एक दिवस याच यमापुढे उभे राहायचे आहे असे मानणाऱ्या लोकांसाठी तो रंगवत होता. क्रॉसओव्हर लिहिणाऱ्याला त्यातल्या एकाही देवापुढे उभे राहायचे नसते, आणि हा फरक मी सोडणार नाही.