घरच्या एफपीजीए बोर्डवर बिटकॉइन मायनिंग जमेल का? सल्ला हवा

गेटवाला: नमस्कार मंडळी. कॉलेज प्रोजेक्टसाठी घेतलेला बेसिस ३ बोर्ड पडून आहे, आर्टिक्स-७ या एफपीजीए चिपचा (आतलं सर्किट आपल्याला हवं तसं बांधता येतं अशी चिप). व्हेरिलॉग (सर्किट लिहायची भाषा) बऱ्यापैकी येतं. यावर मायनिंग करून (म्हणजे बिटकॉइन मिळवायला सतत हॅश, डेटापासून ठरावीक सूत्राने निघणारे आकडे, काढत राहून) निदान वीजबिल तरी सुटेल का? की मोठा बोर्ड घेऊ?

जुना_सोल्डर: कमाईसाठी मोठा बोर्ड अजिबात घेऊ नकोस. या बोर्डांचा काळ २०११-१२चा. दोन स्पार्टन-६ चिपांचा इकारस तेव्हा सेकंदाला ३८० मेगाहॅश (३८ कोटी हॅश) काढायचा आणि ग्राफिक्स कार्डापेक्षा कितीतरी कमी वीज खायचा. २०१३ मध्ये एसिक यंत्रं (फक्त मायनिंगसाठी बनवलेल्या चिपांची) बाजारात आली आणि सगळं फिरलं. २०२०चं अँटमायनर एस१९ प्रो सेकंदाला ११० टेराहॅश (टेरा म्हणजे लाख कोटी) देतं, म्हणजे इकारसच्या सुमारे २ लाख ९० हजार पट. तिथे तुझा बोर्ड कुठे पुरणार?

हिशोबनीस: शिवाय आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि मायनिंगच्या यंत्रांचा खर्च त्यातून वजा होत नाही.

क्लॉकएज: पैशाचं सोड, पण मायनर जरूर लिही. शिकायला यासारखा प्रोजेक्ट नाही. ब्लॉकचं हेडर, म्हणजे ज्याचा हॅश काढायचा तो मथळा, ८० बाइटचं असतं. पहिल्या ६४ बाइटमध्ये नॉन्स (दर वेळी बदलून पाहायचा आकडा) येत नाही, म्हणून तेवढा भाग संगणकावर एकदाच काढून बोर्डाला द्यायचा. उरतात एसएचए-२५६च्या (बिटकॉइनच्या हॅश-सूत्राच्या) दोन फेऱ्या, प्रत्येकी ६४ पायऱ्यांच्या. सगळ्या १२८ पायऱ्या पाइपलाइनमध्ये (प्रत्येक पायरीला वेगळं सर्किट देऊन) पसरल्या तर दर क्लॉकला एक हॅश मिळतो, पण तुझ्या बोर्डाच्या ३५टी चिपमध्ये तेवढी जागा मिळणं कठीण. एकच पायरी पुन्हा पुन्हा वापर. १०० मेगाहर्ट्झला पाऊण मेगाहॅशच्या आसपास निघेल.

तपासायला २००९चा पहिला ब्लॉक घे. त्याचा नॉन्स २०८३२३६८९३, हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) ७सी२बीएसी१डी. मोजणी त्याच्या थोडी आधीपासून सुरू कर आणि दुसऱ्या हॅशचा शेवटचा ३२ बिटांचा शब्द शून्य झाला की थांबव. डिस्प्लेवर चारच आकडे मावतात, तेव्हा एका स्विचवर वरचा अर्धा भाग ७सी२बी दाखव, दुसऱ्यावर एसी१डी.

गेटवाला: मोठ्या बोर्डाचा विचार सोडला. पण सिम्युलेशनमध्ये त्याच नॉन्सला शून्य येत नाहीये.

क्लॉकएज: बाइटचा क्रम बघ. हेडरमध्ये नॉन्स उलटा बसतो: १डी एसी २बी ७सी. मागच्या ब्लॉकचा हॅश आणि मर्कल रूटही (ब्लॉकमधल्या सगळ्या व्यवहारांचा एकत्रित हॅश) तसेच उलटे जातात. तरी नाही आलं तर पॅडिंगमधली (हॅशआधी डेटाच्या शेवटी जोडायच्या भरीतली) लांबी तपास, पहिल्या हॅशला ६४० बिट, दुसऱ्याला २५६.