घरात एकामागून एक गळवं, रिपोर्टमध्ये स्टॅफ जंतू आलाय, घरगुती उपाय आणि कॅरिअरबद्दल विचारायचंय

गंगाखेडची_लेक
नमस्कार सगळ्यांना. परभणी जिल्ह्यातून लिहितेय. माझा मुलगा आठवीत आहे, तालमीत जातो, त्याला उन्हाळ्यापासून गळवं यायलीत, एक बसलं की दुसरं, कधी मांडीवर कधी काखेत, मधी तर बुडावर आलं होतं, लेकराला वर्गात बाकावर बसता येईना. आता मिस्टरांच्या मानेवर बी मोठं करट आलंय. सासूबाई म्हणतात आंबे लई खाल्ले, उष्णता झालीय, सब्जा द्या, कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं आंघोळ घाला. ते सगळं करतोय. मागच्या वेळी डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढला आणि तो कल्चरला, म्हणजे कोणता जंतू आहे ते तपासायला पाठवला, रिपोर्टमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस, म्हणजे स्टॅफ जंतू आला. ते म्हणले घरात कोणीतरी कॅरिअर, म्हणजे स्वतःला त्रास नसताना जंतू बाळगणारं, असू शकतं, सगळ्यांच्या नाकाचा स्वॅब घेऊ. मला तर आजवर एक फोड आला नाही, मग माझ्यापासून लेकराला कसं काय होईल? शेजारच्या आजी बिब्बा लावा म्हणतात. सारख्या अँटिबायोटिक गोळ्या द्यायला जीव धजत नाही. हळद, लसूण, मध, कडुनिंब यातलं खरंच कशानं हा जंतू जातो का? कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

सिस्टर_बीड
ताई, सगळ्यात आधी, बिब्बा लावू नका. बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं, वॉर्डात असे पेशंट येतात, मूळ गळू सुपारीएवढं आणि आजूबाजूला वीतभर काळं पडून पाण्याचे फोड आलेले. रुईचा चीक पण तसाच. आणि कच्चा लसूण ठेचून बांधला तर त्यानंही कातडी जळते, लेकराची तर लगेच.

आता कॅरिअरचं. हा जंतू साधारण दर दहा माणसांतल्या तिघांच्या नाकात असतो, नाकाच्या अगदी पुढच्या भागात, जिथं केस असतात तिथं. काखेत, जांघेत, घशात पण राहतो. त्या माणसाला काहीच त्रास नसतो, सर्दी नाही, फोड नाही, त्याला पत्ताच नसतो. काहींच्या नाकात तो कायमचा असतो, काहींच्या येतो आणि जातो. हात नाकाला लागला, तोच हात टॉवेलला, टॉवेल लेकराच्या अंगाला, आणि लेकराच्या मांडीवर घामानं घासून सोललेलं असलं की जंतू आत शिरतो. त्यामुळं तुम्हाला फोड नाही म्हणून तुमच्या नाकात नसेल असं सांगता येत नाही, आणि निघाला तरी त्यात तुमचा काहीच दोष नाही हे मनात पक्कं ठेवा. आमच्याकडं एका सुनेचा स्वॅब पॉझिटिव्ह आला तर सासरच्यांनी तिचं ताट वेगळं केलं होतं, लई वाईट वाटलं मला. ताट वेगळं करायची काही गरज नसते. कदाचित मुलाच्या स्वतःच्याच नाकात असेल, पुष्कळ वेळा तसंच निघतं.

नाकातला जंतू घालवायला म्युपिरोसिनचं मलम असतं, दिवसातून दोनदा, 5 दिवस, सोबत क्लोरहेक्सिडिनच्या जंतुनाशक साबणानं आंघोळ. पण ते अंगावरची गळवं बरी झाल्यावर आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी करायचं असतं, नाहीतर एकाचं जातं तोवर दुसऱ्याकडून परत येतं. हे मनानं दुकानातून आणून करू नका, तुमचे डॉक्टर बरोबर दिशेनं चाललेत, त्यांच्याकडूनच लिहून घ्या. आणि रिपोर्ट जपून ठेवा, त्यात औषधांच्या नावापुढं एस असेल ते लागू पडतं, आर असेल ते पडत नाही.

जुना_वारकरी
लेकी, मी नांदेडकडचा, वय झालंय, आमच्या लहानपणी गावात डॉक्टर नव्हता तेव्हा गळवाला गव्हाच्या पिठाचं नाहीतर जवसाचं गरम पोटीस बांधायचे. ते मी अजून सांगतो, कारण शेकानं ठणका कमी होतो आणि गळू लवकर पिकतं. पण कपडा स्वच्छ पाहिजे, उकळलेला, आणि शेक सोसेल एवढाच. हळदीचा लेप वरून चालतो, पण गळू फुटून उघडी जखम झाली की त्यात डब्यातली हळद भरायची नाही. आणि गळू दाबायचं नाही, सुईनं फोडायचं तर बिलकूल नाही. नाकाच्या शेंड्यावर, वरच्या ओठावर आलेलं तर हात सुद्धा लावू नये, तिथल्या शिरा आत डोक्याकडं जातात, विष चढलं तर जिवावर बेततं. आमच्या भावकीतला एक तरणा पोरगा असाच गेला.

मायक्रो_लातूर
मी लॅबमध्ये काम करतो. हळद, लसूण, कडुनिंब, मध, या सगळ्यांचा अर्क काचेच्या प्लेटमध्ये टाकला की स्टॅफ मरतो किंवा वाढत नाही, हे खरं आहे, म्हणूनच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे दावे पूर्ण खोटे वाटत नाहीत. पण प्लेटमध्ये औषध थेट जंतूवर पडतं, गळवात जंतू कातडीच्या खाली पुवाच्या पिशवीत असतो, तिथं वरचा लेप पोचत नाही. हळद दुधातून प्यायली तर तिच्यातलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं. मधाचं म्हणाल तर दवाखान्यात जखमेसाठी वापरतात तो निर्जंतुक केलेला असतो, बरणीतला नाही. पिशवी भरली की डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढणं हाच मुख्य इलाज, लहान गळवाला तर पुष्कळदा तेवढंच पुरतं, गोळ्या लागतीलच असं नाही. म्हणजे ताई, गोळ्यांची तुमची धास्ती अगदीच चुकीची नाही, पण दिल्या तर कोर्स पुरा करा. मेथिसिलिन हे अँटिबायोटिक 1959 साली आलं आणि 1961 मध्ये इंग्लंडात त्याला न जुमानणारा स्टॅफ सापडला सुद्धा, एवढ्या लवकर हा जंतू शिकतो. आपल्याकडं दोन गोळ्या खाऊन बरं वाटलं की पाकीट फडताळात ठेवतात, नंतर तेच दुसऱ्याला देतात. आणि गजकर्णाला म्हणून मेडिकलवरून जी क्रीम आणतात त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, ते गळवाला लावलं तर वाढतंच.

तालीम_धाराशिव
ताई, मुलगा तालमीत जातो म्हणलात, माझ्या मते मूळ तिथंच बघा. कुस्तीत अंगाला अंग घासतं. आमच्या आखाड्यात मातीत हळद, ताक, तेल, कडुनिंब टाकतात, वस्ताद स्वतः माती उकरून मळतात, पण म्हणून गळू असलेल्या पोरानं उतरायचं नाही, जखम पूर्ण वाळेपर्यंत बाहेर बसून जोर मारायचे. मॅटवर खेळत असेल तर मॅट रोज जंतुनाशकानं पुसली जाते का विचारा. आणि लंगोट! पोरं एकमेकांचा ओला लंगोट नेसतात, एकाच पंच्यानं सगळे घाम पुसतात. वस्तादांना सांगा, ते ऐकतील.

गंगाखेडची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. बिब्ब्याचं रद्द केलं. लंगोटाचं विचारलं तर पोरगा मान खाली घालून हो म्हणला. पंचा पण घरात एकच, आमच्याकडं टँकरचं पाणी आठवड्यातून येतं, रोज चार टॉवेल कुठून धुवू? आणि नाकात मलमाऐवजी कडुनिंबाचं तेल घातलं तर चालेल का?

सिस्टर_बीड
नाकात तेल नको ताई, कडुनिंबाचं तर नकोच, आतली कातडी नाजूक असते. पाण्याचं दुखणं सगळ्या मराठवाड्याचं आहे, म्हणून जेवढं होईल तेवढं सांगते. प्रत्येकाचा पंचा वेगळा, जुन्या धोतराचे तुकडे केले तरी चालतील, रोज धुणं नाही जमलं तर निदान कडक उन्हात पसरून खडखडीत वाळवा, ओला घडी करून ठेवू नका. पुवाला लागलेले कपडे मात्र गरम पाण्यात वेगळेच. गळू झाकून ठेवा, पट्टी बदलली की हात साबणानं धुवा, नखं कापा, मिस्टरांचा दाढीचा रेझर दुसऱ्या कोणी वापरू नये.

आणि मिस्टरांची शुगर तपासली का? चाळिशीनंतर मानेवर मोठं करट आलं की आम्ही पहिली शुगर बघतो, पुष्कळांना डायबेटीस आहे हे तिथंच कळतं. उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांच्या सरासरीची, दोन्ही करून घ्या. मधेच ताप आला, थंडी वाजली, लाली भराभर पसरली किंवा गळवापासून लाल रेघ वर चढताना दिसली तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच गाडी करून दवाखाना गाठा.

गंगाखेडची_लेक
शुगर नाही केली कधी. सोमवारी दोघांना घेऊन जाते, स्वॅब सगळ्यांचाच देतो, सासूबाईंचा पण.